डायलिसिसवर असताना पाण्याचा हिशोब: आधी मीठ, मग पाणी

आमच्या ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. सेंटरवर नव्याने येणाऱ्या बायका पहिलं हेच विचारतात, “ताई, पाणी किती द्यायचं हो?” बऱ्याचदा आदल्या दिवसाची लघवी अधिक अर्धा लिटर असा हिशोब असतो, पण तुमचा आकडा तुमचे डॉक्टरच सांगतील. तो पाळायचा कसा, तेवढं मी सांगते.

सुरुवात मिठापासून करा. धडधाकट माणसाच्या किडन्या दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. रक्तात सोडियम वाढलं की मेंदू तहान लावतो, शिवाय एडीएच नावाचं संप्रेरक सोडून किडनीला पाणी धरून ठेवायला लावतो. पाणी जास्त झालं की एडीएच कमी होतं आणि लघवी पातळ, भरपूर होते. किडनी निकामी झाली की मेंदूचा हा निरोप ऐकायला कोणी उरत नाही. तहान मात्र लागतच राहते. लोणच्याची फोड खाल्ली की माणूस पाणी मागणारच, आणि ते पाणी मग पायांवर सुजेत दिसतं, छातीत गेलं तर दम लागतो. त्यामुळे नुसतं “पिऊ नका” म्हणून भांडणं होतात, उपयोग शून्य.

आम्हाला मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे चहाचा जेमतेम सपाट चमचा. पाव-खारीतलंही त्यातच आलं. पापड, लोणचं, फरसाण मी घरात आणणंच बंद केलं. ह्यांची भाजी फोडणीनंतर वेगळी काढते. लसूण, जिरेपूड आणि वरून लिंबू. दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते मुळीच घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते अशा माणसाच्या हृदयावर बेततं.

आता पाणी. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचं. चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून कपाने काढून तुळशीला घालायचं. ताक, आमटी, पेज, बर्फ, सगळ्याला हाच नियम. संध्याकाळी बाटलीत किती उरलंय ते त्यांचं त्यांनाच दिसतं, मला बोलावं लागत नाही. गोळ्या जेवणातल्या पाण्याबरोबरच. घसा सुकला तर चूळ भरायची, नाहीतर लिंबाची फोड चोखायची. मधुमेह असेल तर साखर वाढल्यानेही तहान लागते, ती तपासा.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, लिटरभर पाणी आहे. वहीत लिहा आणि मशीन लावण्याआधी टेक्निशियनला दाखवा. आडवं पडल्यावर दम लागला तर पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

आणि भेटायला येणारे शहाळं आणतात. नाही म्हणायला जिवावर येतं, पण ते शेजारच्या पोरांना द्या. त्यात पाणीही आहे आणि पोटॅशियमही.