हॉस्पिटलमधली पहिली नोकरी: काय विचारायचं, काय जपायचं

आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून सुरुवात केली, पुढे इन्चार्ज झाले, आणि आता नव्या उमेदवारांच्या मुलाखतींनाही बसते. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब, रेडिओलॉजी, कुठल्याही शाखेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना माझं सांगणं एकच असतं: पहिली नोकरी धरताना तिथे तुम्हाला शिकवणार कोण, हे आधी बघा. पगार आणि हॉस्पिटलचं नाव त्यानंतर.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग संशोधिकेने 1984 साली नवख्या नर्सपासून निष्णात नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातली तिसरी, म्हणजे आता हिच्यावर काम बिनधास्त सोपवावं अशी पायरी, साधारण एकाच प्रकारच्या पेशंटमध्ये दोन-तीन वर्षं काढल्यावर येते. आमच्या युनिटमध्ये मी हेच बघत आलेय. पहिल्या वर्षी मुलगी मॉनिटरवरचे आकडे वाचते आणि लिहून ठेवते. तिसऱ्या वर्षी तीच हँडओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, घेता घेता म्हणते, "चार नंबरचे आजोबा आज बरे वाटत नाहीयेत," आणि आकडे त्यानंतर बिघडायला लागतात. ही नजर शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी असेल तरच येते. दर सहा महिन्यांनी नोकरी बदलणाऱ्यांना ती येत नाही, मग बायोडेटा कितीही भरगच्च दिसो. निष्णात माणूसही अनोळखी विभागात गेला की पुन्हा नवखा होतो, असंही बेनर सांगतात. त्यामुळे उद्या ऑपरेशन थिएटरमधून नवजात बाळांच्या आयसीयूत गेलात, तर ओरिएंटेशन नव्याने मागून घ्या. त्यात कमीपणा नाही.

मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा बहुतेक जण "नाही, सर" म्हणून उठतात. उठू नका. ओरिएंटेशन किती आठवड्यांचं आहे, त्या काळात एकट्याच्या भरवशावर पेशंट देतात का, एका शिफ्टला एका नर्सकडे किती पेशंट असतात, हे विचारा. आणि हे नक्की विचारा: रात्री दोन वाजता अडलं तर फोन कोणाला करायचा, आणि ती व्यक्ती बेडपर्यंत येते का? चांगल्या ठिकाणी याचं उत्तर लगेच मिळतं. "तशी वेळ सहसा येत नाही" असं उत्तर आलं, तर मी माझ्या धाकट्या बहिणीलाही तिथे जाऊ देणार नाही.

आता बायोडेटाबद्दल. "आयसीयूचा अनुभव" एवढ्याने आम्हाला काहीच कळत नाही. युनिट मेडिकल की सर्जिकल, बेड किती, तुमच्याकडे एका वेळी किती पेशंट, व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळलेत का, आर्टिरियल लाइन (धमनीतली नळी), डायलिसिस, इनोट्रोप्स (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) यांपैकी काय स्वतः केलंय आणि काय नुसतं बघितलंय, हे लिहा. "बघितलंय" असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो. लॅबवाल्यांनी कोणत्या ॲनालायझरवर (तपासणीच्या मशीनवर) काम केलं आणि मशीन बरोबर चालतंय का हे बघायचे रोजचे कंट्रोल्स कोण लावायचं ते लिहावं. रेडिओग्राफर असाल तर पोर्टेबल एक्स-रे, सीटी, एमआरआय वेगवेगळं मांडा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक लॉगबुक ठेवा: तारीख, प्रोसिजर, कोणाच्या देखरेखीखाली. पेशंटचं नाव किंवा नंबर मात्र त्यात कधीही लिहू नका.

मुलाखतीत पाठांतर फारसं कामाला येत नाही. मी हमखास विचारते तो प्रश्न असा: पोटाचं ऑपरेशन होऊन चार तास झालेत, बीपी 90/60, पल्स 120, पेशंट साठ किलोचा आणि तासाची लघवी 15 मिली. काय कराल? पुष्कळ जण "डॉक्टरांना कळवेन" म्हणून थांबतात. एका मुलीने सांगितलं, "आधी पेशंटशी बोलेन, हातपाय गार आहेत का बघेन, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) बघेन, ड्रेसिंग बघेन, आणि पाठीखाली हात घालून चादर ओली आहे का बघेन." रक्त खाली साचतं आणि वरून ड्रेसिंग कोरडं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. तासाला प्रति किलो अर्धा मिली, म्हणजे या पेशंटला निदान 30 मिली लघवी हवी, हेही तिने जोडलं. मग डॉक्टरांना फोनवर काय सांगणार ते एसबार पद्धतीने बोलून दाखवलं: आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, आणि तुमच्याकडून काय हवंय. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आलेली ही पद्धत आहे. मैत्रिणीला समोर बसवून ती मोठ्याने बोलून सराव करा. मनातल्या मनात केलेला सराव फोन हातात आला की टिकत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण पक्की झालेली नोकरी अडकते ती इथेच. परदेशी जायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी तुमचं सर्टिफिकेट खरं आहे का, हे थेट कॉलेजला आणि जुन्या हॉस्पिटलला विचारतात. याला प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन म्हणतात. मार्कशीटवर नावाचं एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ते आजच दुरुस्तीला टाका. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस किंवा एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याच्या प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणाचं) कार्ड दोन वर्षं चालतं. ते संपायच्या आधी रिन्यू करा. हिपॅटायटिस बीची लस तर नोकरी शोधायच्या कितीतरी आधी सुरू करायला हवी. नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीजचं प्रमाण, तपासायचा. तो किमान 10 mIU/mL हवा. "पुढच्या आठवड्यात रुजू व्हा" असं पत्र हातात पडल्यावर यातलं काहीच घाईने उरकता येत नाही. शिवाय ही लस तुमच्या स्वतःच्या जिवासाठी आहे. सुई टोचण्याचा प्रसंग पहिल्या आठवड्यातही येऊ शकतो.

नोकरी सोडताना नोटीस पिरियड पूर्ण करा. अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, हुद्दा आणि पूर्णवेळ काम केल्याचा उल्लेख आहे ना, हे टेबलासमोर उभं राहूनच वाचा. लॉगबुकवर इन्चार्जची सही शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्या रजेवर असतात, त्यांची बदली होते, आणि पाच वर्षांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं कोणीच त्या युनिटमध्ये उरलेलं नसतं.