महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत नेतृत्वगुण कसे रुजवावेत
कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. नेतृत्वाचे शिक्षण आजही अशा सामाईक कामातूनच द्यावे. केवळ वक्तृत्व स्पर्धांनी ते साधत नाही, असे मला ठामपणे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात माण-खटावचे, पाटणच्या डोंगरातले आणि सातारा शहरातले विद्यार्थी मुद्दाम एकाच गटात ठेवावेत व गटप्रमुख रोज बदलावा, म्हणजे एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीलाही स्वयंपाक, पाणी आणि श्रमदान यांची वाटणी करून नाराज झालेल्यांची समजूत काढावी लागते (आणि खरी कसोटी तिथेच लागते). रात्रीच्या बैठकीत गटप्रमुखाने सर्वांचे ऐकून शेवटी बोलावे. नियोजन चुकले तरी प्राध्यापकांनी लगेच मध्ये पडू नये. दुसऱ्या दिवशीची वाटणी गटालाच नव्याने करू द्यावी.