पहिला चाकू करताय? धार पातळ करायची घाई नको

पहिल्या चाकूसाठी १०८४ हे साधं कार्बन पोलाद घ्या. स्टेनलेसच्या वाटेला सध्या जाऊ नका. त्याला नेमकं, जास्त तापमान बराच वेळ टिकवावं लागतं आणि ते घरच्या भट्टीत जमत नाही.

सगळ्यात जास्त पाती बिघडतात ती पाणी देताना, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करताना. पातं कानशीने घासून आकारात आणलं की हात थांबत नाही, धार पार पातळ केली जाते. अशी धार तेलात बुडवताच वाकते किंवा तडकते. म्हणून धारेच्या कडेला साधारण १ मिमी जाडी राहू द्या. मुठीची भोकंही आधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल चालणार नाही.

तापवताना लोहचुंबक जवळ ठेवा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं पुढे, ८१५ अंशांच्या आसपास नेऊन, ५०-५५ अंशांपर्यंत कोमट केलेल्या खाद्यतेलात पातं टोकाकडून सरळ उभं बुडवा. आडवं हलवलं तर वाकलंच समजा. तेल भडकू शकतं, त्यामुळे भांडं धातूचं आणि झाकण हाताशी हवं.

गार झाल्यावर कानस धारेवरून नुसती घसरली, तर पाणी नीट बसलं. पण आता पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवा. धार त्यानंतरच काढा. यंत्रावर घासताना पातं सारखं पाण्यात बुडवत राहा. कडेला निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं.