चेंडूला क्लब लागतो तेव्हा हात कुठे हवेत?

गोल्फचा चेंडू क्लबफेसवर, म्हणजे काठीच्या डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. हाताला बसलेला धक्का मेंदूला कळायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणजे ‘टक्’ जाणवतं तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे ऐन वेळी मनगट वळवून चेंडू सरळ धाडण्याचा नाद सोडा. हात चेंडूपाशी कोणत्या अवस्थेत पोचतात, तेवढंच सुधारता येतं. पुढची माहिती उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आणि सात नंबरच्या आयर्नची (मध्यम पल्ल्याच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबची) आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

सुरुवात ग्रिपपासून, म्हणजे क्लब धरण्यापासून. डाव्या हातात क्लब तळव्यात नव्हे, बोटांत हवा: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. वरून पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन ते तीन गाठी दिसाव्यात. ग्लोव्ह मनगटाजवळच्या गादीवर झिजत असेल तर क्लब तळव्यात घसरतोय असं समजा. मग मनगट नीट वाकत नाही. पकड शेवटच्या तीन बोटांची, जोर दहापैकी चार-पाच, आणि तो स्विंगभर तेवढाच. चेंडू जवळ येताच मुठी आवळल्या की क्लबहेड (क्लबचं डोकं) मागे राहतं, फेस उघडा, म्हणजे लक्ष्याच्या उजवीकडे वळलेला, राहतो आणि चेंडू उजवीकडे पळतो.

आता स्विंग न करता इम्पॅक्टची, म्हणजे क्लब चेंडूला लागतानाची, स्थिती शरीराला दाखवा. नेहमीसारखे उभे राहा. सुमारे तीन चतुर्थांश वजन डाव्या पायावर न्या, कंबर लक्ष्याकडे थोडी उघडा. हात डाव्या मांडीसमोर येतील, शाफ्ट (क्लबची दांडी) लक्ष्याकडे किंचित झुकेल. डावं मनगट सपाट, हाताची पाठ लक्ष्याकडे. उजवं मनगट मात्र मागे वाकलेलंच, आणि उजव्या तर्जनीच्या मुळाशी दाब. हा दाबच ओळखायला शिका. तलावात चपटा दगड आडवा भिरकावून टप्पे काढताना कोपर पुढे जातं आणि मनगट शेवटपर्यंत मागे राहतं. उजव्या हाताचं काम तेच.

बहुतेक तक्रारी एकाच गोष्टीच्या असतात: उजवं मनगट लवकर सरळ होतं, डावं मागे वाकतं, क्लबहेड हातांच्या पुढे निघून जातं. चेंडू उचलायची घाई असते म्हणून हे घडतं, पण उचलण्याचं काम फेसच्या उतारावर सोपवलेलं आहे. दुसरं कारण पायांत: वजन उजवीकडेच राहिलं किंवा कंबर थांबली की मनगटं लवकर सरळ होतातच. अशा वेळी मनगटावर कितीही मेहनत घ्या, फरक पडत नाही. आधी कंबर फिरू द्या. उलट काही जण हात इतके पुढे ओढतात की फेस उघडाच राहतो. तीही चूकच, फक्त दिसायला रुबाबदार.

घरी करायचा उत्तम सराव म्हणजे पोतं. जुने कपडे ठासून भरा. वाळू नको, मनगट दुखावेल. पोतं चेंडूच्या जागेपासून जरा पुढे ठेवा, कंबरेएवढ्या उंचीवरून सावकाश क्लब आणून त्यात दाबा आणि तीन सेकंद तसेच थांबून वरची प्रत्येक खूण तपासा. ठाण्यातल्या सोसायटीत हे गच्चीवर जमेल. दिवाणखान्यात आधी पंखा बघा.

मग चेंडू. त्याच्या मागे चार-पाच इंचांवर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि कंबरेपासून कंबरेपर्यंतचा छोटा स्विंग करा. टॉवेलला क्लब लागला तर स्विंगचा तळ मागे पडतोय. गवतावर डिव्हॉट (क्लबने उखडलेला गवताचा तुकडा) चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू व्हायला हवा. मॅटवरच्या सरावावर फार विसंबू नका: मागे आपटलेला क्लब रबरावरून सरकून चेंडूला लागतो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका पावसाळ्यात नवी मुंबईतल्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सच्या ओल्या मातीत मारा, क्लब रुततो आणि चेंडू जागेवरच डुलतो.

धक्का उशिरा कळत असला तरी निदानाला उपयोगी पडतो. हातात झिणझिण्या आणि चेंडू खाली सपाट पळाला, तर क्लबची कड चेंडूच्या पोटाला लागली. क्लब मुठीत उघडा फिरल्यासारखा वाटला तर फटका क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे बसला. मऊ, जवळजवळ काहीच न जाणवणारा फटका मधला. खात्रीसाठी चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढा आणि तो फेसकडे ठेवा. ठसा फेसवर उमटतो.

मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत क्लबची रबरी मूठ, म्हणजेही ग्रिपच, चिकट-निसरडी होते आणि मूठ आपोआप आवळली जाते. दोन ग्लोव्ह आळीपाळीने वापरा, ग्रिप कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन पुसा, सावलीत वाळवा.

ड्रायव्हरला (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबला) शाफ्टचा हा झुकाव लावू नका. तिथे चेंडू टीवर (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर), डाव्या टाचेसमोर असतो आणि क्लब वर जाताना लागायला हवा, म्हणून शाफ्ट जवळपास उभाच राहतो. आयर्नची सवय तिथे नेली की चेंडू खाली आणि उजवीकडे जातो.