सोलापुरात झाडबेडूक पाळायचा, तर आधी उन्हाळ्याची सोय

झाडबेडकांवरची बरीचशी माहिती थंड देशांतल्या पाळणाऱ्यांची. त्यामुळे तिची सुरुवातच टाकी गरम कशी करायची इथून होते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. इथे टाकी गार ठेवता आली तरच बेडूक आणावा.

नवख्यानं व्हाइट्स ट्री फ्रॉग निवडावा. मूळचा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचा, साधारण १० सेंमी वाढणारा, कोरडी हवा त्यातल्या त्यात सोसणारा. नीट ठेवला तर १५ वर्षं जगतो, तेव्हा हौस दोन महिन्यांची नसावी. लाल डोळ्यांचा झाडबेडूक देखणा असला तरी नाजूक, शिवाय साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधला. म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आली. शेतातला किंवा विहिरीवरचा बेडूक तर उचलूच नये.

दोन व्हाइट्स बेडकांना ४५ × ४५ × ६० सेंमीची उभी काचटाकी, वर जाळीचं झाकण, आत तिरक्या फांद्या आणि मनीप्लांट. तळाला सुरुवातीला टिश्यू पेपर बरा. बारीक खडी नको. किड्यासोबत पोटात गेली की आतडं तुंबतं.

दिवसा २४ ते २९ अंश आणि ५० ते ६० टक्के आर्द्रता धरा. मोजायला डिजिटल मीटर घ्या, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. टाकी गच्चीखालच्या खोलीत ठेवू नये. तिथली स्लॅब रात्रीही धग सोडते. खोलीत कूलर चालेल, पण झोत टाकीवर नको. एसी हवा सुकवतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा मारा. वीज गेली की गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जाळीवर ठेवा. ओलं फडकं पसरायचं तर निम्म्याच जाळीवर. सगळी झाकली तर हवा कोंडते आणि कातडीला संसर्ग होतो. डिसेंबरच्या थंड रात्री मात्र टाकीच्या बाजूला थर्मोस्टॅटवरची हीट मॅट लागेल.

बेडूक कातडीतून पाणी शोषतो, त्यामुळे नळाचं क्लोरीनचं पाणी थेट देऊ नका. मासे पाळणाऱ्यांकडचं अँटिक्लोर बाटलीवरच्या मापानं घाला. भांडं उथळ हवं, पाणी रोज बदला.

खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड चार-पाच. एकाआड एक वेळी कॅल्शियम-डी३ची पूड लावा. मागतो म्हणून देत राहिलात तर तो लठ्ठ होतो. उरलेले रातकिडे रात्री काढा, ते झोपलेल्या बेडकाला चावतात. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेतले किडे चुकूनही नकोत, त्यांच्यावर फवारणीचं औषध असतं. त्याच कारणानं त्या खोलीत मच्छर अगरबत्ती आणि लिक्विडही बंद.

टाकी पुसायला फिनेल नको, गरम पाणी पुरतं. बेडूक हाताळण्याआधी हात साध्या पाण्यानं धुऊन ओलेच ठेवा, नंतर साबणानं धुवा; त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. मांड्यांखाली लाली दिसली किंवा आठवडाभर खाणं सुटलं, तर आधी मीटर पाहा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा.