दोन रंगांची स्क्रीन छपाई : सोनकीच्या एका चित्राच्या आधारे

एका रंगाची स्क्रीन छपाई (चौकटीवर ताणलेल्या जाळीतून, म्हणजे स्क्रीनमधून, शाई कागदावर उतरवण्याची पद्धत) हाताला बसली की दुसरा रंग म्हणजे तीच कृती पुन्हा करणे, असे वाटू लागते. प्रत्यक्षात दुसऱ्या रंगाबरोबर कामाचे स्वरूपच बदलते, कारण आता प्रत्येक कागदावर दोन ठसे एकमेकांशी जुळावे लागतात आणि ही जुळणी बऱ्याच अंशी चित्र आखतानाच ठरून जाते. कला महाविद्यालयात शिकताना मी सोनकीच्या फुलांचे एक चित्र पिवळ्या आणि निळ्या रंगांत कागदावर छापले. त्याच कामाच्या आधारे ही पद्धत येथे मांडत आहे.

सोनकी निवडली ती तिच्या रंगांमुळे. पिवळी फुले, हिरवी पाने आणि मागे पावसाळी निळसर डोंगर असे हे चित्र पाहणाऱ्याला तीन रंगांचे दिसते. पण पाने दोन्ही स्क्रीनवर ठेवली की पिवळ्यावर निळा चढून हिरवा रंग वेगळी स्क्रीन न करताच मिळतो. म्हणून पिवळ्याच्या पॉझिटिव्हवर (ज्या पारदर्शक कागदावरच्या काळ्या चित्रावरून स्क्रीन तयार होते, त्यावर) फुले व पाने काढावीत, निळ्याच्या पॉझिटिव्हवर पाने व डोंगर काढावेत आणि फुलांच्या जागा त्यात कोऱ्या सोडाव्यात. ही कोरी जागा फुलाच्या आकारापेक्षा सर्व बाजूंनी सुमारे अर्धा मिलिमीटर लहान असावी. ती अगदी मापात ठेवली, तर कागद केसभर सरकला तरी फुलाभोवती पांढरी रेघ उघडी पडते. लहान ठेवल्यास पाकळ्यांच्या कडेला हिरवी बारीक रेघ येते. माझ्या मते ती पाकळीला उठाव देते, त्यामुळे लपवण्याची गरज नाही.

छापायचा रंग कोणताही असो, दोन्ही पॉझिटिव्ह गडद काळ्या रंगातच असावेत. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढले असतील, तर खिडकीशी धरून काळ्या भागातून उजेड आरपार येत नाही ना, हे पाहून घ्यावे. चित्राच्या बाहेर चारही बाजूंना अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराच्या खुणा कराव्यात आणि दुसरा पॉझिटिव्ह पहिल्यावर ठेवूनच त्या उतरवाव्यात.

कागदावरील छपाईसाठी सेंटीमीटरला ७७ ते ९० धाग्यांची पॉलिएस्टर जाळी योग्य ठरते. कापडासाठी वापरली जाणारी ४३ धाग्यांची जाळी कागदावर फार शाई सोडते. दोन्ही फ्रेम सारख्या मापाच्या असाव्यात आणि त्यांवर एकाच प्रकारची जाळी सारख्याच ताणाने बसवलेली असावी. एक जाळी सैल व दुसरी ताठ असेल, तर स्क्विजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) दाबाखाली दोन्ही प्रतिमा वेगवेगळ्या प्रमाणात ओढल्या जातात आणि मग कितीही सरकवले तरी चारही कोपरे एकदम जुळत नाहीत.

इमल्शन (उजेड लागेल तिथे कडक होणारा आणि पॉझिटिव्हच्या काळ्या भागाखाली मऊ राहून धुतल्यावर निघणारा लेप) मंद पिवळ्या उजेडात दोन्ही बाजूंनी पातळ लावून स्क्रीन अंधारात आडवी ठेवून वाळवावी. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवणे श्रेयस्कर, कारण आत ओल राहिलेले इमल्शन धुताना बारीक रेषांसकट निघून जाते. बायक्रोमेट घातलेले इमल्शन स्वस्त असले तरी क्रोमियमचे हे संयुग कर्करोगकारक आहे. शक्य असल्यास डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्यावे, हातमोजे तर घालावेतच. एक्स्पोजरचा, म्हणजे पॉझिटिव्हमधून स्क्रीनला उजेड देण्याचा, काळ प्रकाशाप्रमाणे बदलत असल्याने आधी इमल्शन लावलेल्या जाळीच्या एका लहान तुकड्यावर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत चाचणी घ्यावी. दोन्ही पॉझिटिव्ह आपापल्या फ्रेमच्या कडांपासून सारख्याच अंतरावर चिकटवले, तर पुढचे निम्मे काम हलके होते.

फिका रंग आधी, गडद नंतर, हा क्रम पाळावा. कागद चौरस मीटरला २२० ते २५० ग्रॅम वजनाचा घ्यावा, कारण पाण्यात विरघळणाऱ्या शाईने पातळ कागदाला लाटा येतात. हवेतील दमटपणानेही कागद किंचित वाढतो. तो आदल्या दिवसापासून छपाईच्या खोलीतच ठेवावा आणि दोन्ही रंगांत फार दिवसांचे अंतर पडू देऊ नये. हव्या असलेल्या प्रतींच्या दीडपट कागद पिवळ्यासाठीच वापरावेत, कारण निळा बसवताना पहिले काही कागद खर्ची पडतातच. टेबलावर कागदाच्या लांब कडेला दोन आणि आखूड कडेला एक अशा तीन पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवाव्यात. प्रत्येक कागद याच पट्ट्यांना टेकवावा आणि तो कोपरा मागच्या बाजूने पेन्सिलीने खुणावून ठेवावा. निळ्याच्या वेळीही तोच कोपरा टेकवायचा असतो. जाळी व कागद यांत २-३ मिलिमीटर अंतर ठेवून आधी दाब न देता शाई जाळीत भरावी आणि मग स्क्विजी तिरकी धरून एकाच दाबाने ओढावी.

खरी कसोटी निळ्याच्या वेळी लागते. बिजागऱ्यांनी टेबलाला बसवलेल्या स्क्रीनखाली पारदर्शक प्लास्टिकचा ताव एका कडेने टेबलाला चिकटवावा आणि निळी प्रतिमा आधी या तावावर छापावी. स्क्रीन उचलून पिवळी छापलेली प्रत तावाखाली सरकवावी आणि वरून पाहत निळी पाने पिवळ्या पानांवर नेमकी येईपर्यंत ती हलवावी. जुळल्यावर कागद बोटांनी घट्ट दाबून ताव बाजूला दुमडावा आणि कागदाच्या कडांना लागून तिन्ही पट्ट्या नव्याने चिकटवाव्यात. डावीकडच्या खुणा जुळल्या आणि उजवीकडच्या नाहीत, तर सगळी चूक एका बाजूला न ढकलता ती दोन्हीकडे वाटून द्यावी. खुणा शेवटी कापल्या जातात, त्यामुळे निर्णय फुलांकडे पाहूनच घ्यावा. लग्नपत्रिकांवर लाल आणि सोनेरी रंग बसवणारे कारागीर ही जुळणी विलक्षण वेगाने करतात. विद्यार्थ्याने त्यांच्या शेजारी उभे राहून ती जरूर पाहावी.

निळ्या शाईत पारदर्शक मीडियम (शाईतून खालचा रंग दिसू देणारा रंगहीन पदार्थ) मिसळणे आवश्यक आहे, नाहीतर ती पिवळ्याला झाकून टाकेल आणि पाने निळीच दिसतील. लिंबासारखा पिवळा आणि हिरव्याकडे झुकणारा निळा घेतल्यास हिरवा स्वच्छ येतो; केशरी छटेचा पिवळा किंवा जांभळट निळा घेतला तर तो मळकट होतो. मिश्रण पिवळ्या छापलेल्या खराब कागदावर बोटाने पसरून, वाळल्यानंतर पाहावे, कारण ओल्या आणि वाळलेल्या शाईच्या छटेत फरक पडतो.

छपाई चालू असताना स्क्रीन कधीही कोरडी सोडू नये. दोन प्रतींच्या मधल्या वेळात जाळी शाईने भरलेली ठेवावी. काम संपताच दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावी. इमल्शन मात्र सर्व प्रती वाळवून, उजेडात तपासून झाल्यावरच काढावे, कारण दोन-चार प्रती पुन्हा छापाव्या लागल्या तर तीच स्क्रीन उपयोगी पडते.