एनईएसवर पहिला गेम: व्हीब्लँकचा हिशेब आधी, बाकी सगळं नंतर

एनईएस म्हणजे निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल. त्याच्या ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली थोडीफार येते, हेक्स बघून बिचकायला होत नाही, टाइल आणि स्प्राइट यांतला फरक ठाऊक आहे, एवढं धरून चालतो. नसेल तर आधी ते करून या. घाई कसली? हे यंत्र १९८३ पासून आहे तसंच आहे, तुमच्यासाठी थांबेल.

पहिला गेम छोटा ठेवा हे सगळेच सांगतात आणि कुणीच ऐकत नाही, म्हणून मी नुसते आकडे सांगतो. एनरॉम, म्हणजे मॅपर शून्य (मॅपर म्हणजे कार्ट्रिजवर रॉम कशी मांडलीय त्याचा प्रकार; हा सगळ्यात साधा): कोडला ३२ केबी, चित्रांना ८ केबी. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एवढ्यात बसलाय. तुमच्या पहिल्या गेमला याहून जास्त जागा लागतेय असं वाटलं तर बेत कापा, मोठा मॅपर शोधत बसू नका. रॅम २ केबी. त्यातले २५६ बाइट स्टॅकचे, आणखी २५६ स्प्राइटच्या प्रतीला. उरलेल्या दीड केबीत झीरो पेज (रॅमचे पहिले २५६ बाइट) धरून सगळा संसार.

सी की असेंब्ली, यावर लोक तावातावाने भांडतात. सीसी६५ हा कंपायलर वापरून सीमध्ये लिहिलंत म्हणून तुम्ही कमअस्सल ठरत नाही. माझा राग आहे तो दुसऱ्याचं तयार इंजिन उचलून त्यावर आपली चित्रं चिकटवण्यावर. चार दिवसांत पडद्यावर काहीतरी पळायला लागतं, आपल्यालाच आपलं कौतुक वाटतं, आणि पहिला बग आला की तो आपला की इंजिनचा हेच कळत नाही. पहिल्या गेमपुरतं तरी स्टार्टअपपासून कंट्रोलर वाचण्यापर्यंत सगळं स्वतः लिहा. कुरूप चालेल.

आता ज्यात मी अडकलो ते.

पीपीयू (चित्र काढणारा भाग) चित्र रंगवत असताना व्हीरॅमला (त्याच्या चित्रांच्या मेमरीला) हात लावायचा नाही, हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. $२००६ आणि $२००७ या त्याच्या रजिस्टरांवर लिहायचं ते व्हीब्लँकमध्ये, म्हणजे एक फ्रेम रंगवून झाल्यावर पुढची सुरू होण्याआधीच्या मोकळ्या वेळात. एनएमआय (व्हीब्लँक सुरू होताच प्रोसेसरला मिळणारा इंटरप्ट) आला, लिहून टाकलं, विषय संपला. मलाही एवढं पुरेसं वाटलं होतं. माझा विटा फोडायचा गेम तसा छान चालायचा. फक्त कधीतरी, चार विटा एकदम फुटल्या, स्कोअरचे सगळे आकडे एकदम बदलले आणि त्याच वेळी पॅलेट चमकलं, की अख्खा पडदा एका फ्रेमपुरता टुणकन उडायचा. पुन्हा करून बघावं तर काही नाही. मी स्क्रोलचा कोड पिंजून काढला, कार्ट्रिजचे कॉन्टॅक्ट पुसले, शेवटी टीव्हीवर संशय घेतला.

हिशेब बघा. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) कन्सोलवर एका फ्रेममध्ये प्रोसेसरला साधारण २९,७८० सायकल्स मिळतात. त्यातला व्हीब्लँक २० ओळींचा, म्हणजे २,२७३ च्या आसपास. $४०१४ वरून स्प्राइटचे २५६ बाइट पाठवले की ५१३ किंवा ५१४ गेल्या, आणि त्या दर फ्रेमला जातात. उरल्या साडेसतराशे. त्यातच एनएमआयमध्ये शिरणं, रजिस्टर स्टॅकवर ठेवणं, शेवटी स्क्रोल लावणं. आता बाइट कॉपी करणारं साधं लूप घ्या: एलडीएच्या ४, एसटीएच्या ४, आयएनएक्सच्या २, सीपीएक्सच्या २, बीएनईच्या ३. दर बाइटला १५. बत्तीस टाइलची एक आडवी रांग ४८० ला पडते. तीन रांगा कशाबशा बसतात, चौथी बाहेर. लूप उलगडून एलडीए-एसटीएच्या जोड्या एकाखाली एक लिहिल्या तर बाइटला ८ पडतात, पण त्याला रॉम लागते.

गोम अशी की प्रत्येक बदल सुटा बसतो. स्कोअर बसतो, विटा बसतात, पॅलेट बसतं. तपासताना आपण एकेक गोष्टच तपासतो. तिन्ही एका फ्रेममध्ये आली की शेवटचे काही बाइट व्हीब्लँकच्या बाहेर सांडतात. आणि पीपीयू टाइल आणताना जो अंतर्गत पत्ता वापरतो, $२००६ आणि $२००७ वरचं लिखाण तोच पत्ता हलवतं. त्यामुळे बिघाड दिसतो स्क्रोलमध्ये आणि दुखणं असतं स्कोअरच्या कोडात. हे वाक्य हवं तर परत वाचा, कारण ते लक्षात न घेता स्क्रोलचा कोड कितीही तपासला तरी हाती काही लागत नाही.

उपाय बफरचा. गेमचं लॉजिक मुख्य लूपमध्ये ठेवा आणि तिथून पीपीयूला शिवू नका. ज्याला पडद्यावर काही बदलायचंय त्याने पत्ता, लांबी आणि बाइट रॅममधल्या बफरमध्ये टाकायचे. एनएमआय तो बफर रिकामा करतो. इथपर्यंत बहुतेक ट्यूटोरियल सांगतात. बफरला कमाल मर्यादा हवी, हे सांगायचं मात्र राहून जातं. सुरुवातीला ६४ बाइट ठेवा. भरला तर राहिलेला बदल पुढच्या फ्रेमला जाऊ दे. स्कोअर एक फ्रेम उशिरा बदलला तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बफर तयार असल्याचा फ्लॅग सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर लॉजिक लांबलेल्या फ्रेममध्ये एनएमआय अर्धवट भरलेला बफर उचलेल. एनएमआयमधला क्रमही ठरलेला ठेवा: आधी स्प्राइट, मग बफर, मग $२००२ वाचून लॅच साफ करणं, मग $२००० वर एकदा आणि $२००५ वर दोनदा लिहून स्क्रोल लावणं. संगीताचा ड्रायव्हर त्यानंतर. त्याला आधी बोलावलंत तर व्हीब्लँक तोच खाऊन टाकेल.

आणि मोजा. मेसेन एमुलेटरमध्ये इव्हेंट व्ह्यूअर आहे. फ्रेममध्ये कुठल्या क्षणी कुठलं रजिस्टर लिहिलं गेलं ते ठिपक्यांनी दाखवतो. $२००७ चा ठिपका चित्राच्या भागात दिसला की चोर सापडला.

मदत मागताना एक बघा. “कोड पाठव, मी नीट करून देतो” म्हणणारा मनाने चांगला असतो, पण त्याच्यामुळे आपण शिकत नाही. मला ज्याने सोडवलं त्याने कोड उघडलाही नाही. “तुझी सगळ्यात वाईट फ्रेम किती सायकल्सची आहे?” एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. असा एखादा भेटला तर त्याला सोडू नका, खडूस असला तरी.

हे सगळं वाचून धसका घेऊ नका. बफर एकदा नीट बसला की तो पुढच्या प्रत्येक गेममध्ये तसाच चालतो, आणि या यंत्रावर इतकं किचकट दुसरं फारसं काही नाही.

बाकीचं पटकन. कन्सोल चालू झाल्यावर रॅममध्ये काय असेल याचा भरवसा नाही. एमुलेटर शून्यं भरून देत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन रँडम करा आणि सुरुवातीलाच रॅम स्वतः पुसा. पीपीयूलाही जागं व्हायला वेळ लागतो, दोन व्हीब्लँक जाऊ द्या. पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) कन्सोलवर व्हीब्लँक ७० ओळींचा असतो, त्यामुळे फक्त तिथे तपासलेला गेम एनटीएससीवर उताणा पडू शकतो.

आणि डीपीसीएम आवाज, म्हणजे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारा चॅनल. एनटीएससी यंत्रावर तो वाजत असताना $४०१६ (कंट्रोलरचं रजिस्टर) वाचलंत तर मधला एखादा बिट गळतो आणि हात न लावता उजवं बटण दाबल्यासारखं होतं. लागोपाठची दोन वाचनं जुळेपर्यंत कंट्रोलर परत वाचणं हा त्यावरचा प्रचलित इलाज. तो लिहून होईपर्यंत डीपीसीएमचा ड्रम काढून ठेवा, पहिल्या गेमला नॉइज चॅनलवरचा पुरतो.